कानबान आणि स्केल्ड अ‍ॅजाइल: सोलापुरातल्या टीमवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मागच्या दोन-तीन वर्षांत या विषयावर सोलापुरातल्या बऱ्याच जणांशी बोलणं झालं. पुण्याच्या कंपनीचं काम घरून करणारी पोरं, होटगी रोडला छोटं ऑफिस टाकलेले दोघं-तिघं, युनिफॉर्म शिवणाऱ्या युनिटचे मालक, कॉलेजची फायनल इयरची मुलं. प्रश्न फिरून फिरून तेच येतात म्हणून एका जागी लिहून ठेवतोय. मी स्वतः सॉफ्टवेअर डिलिव्हरीत आहे आणि मावसभावाचं एमआयडीसीत युनिफॉर्मचं युनिट आहे, तिथं पण हे लावून बघितलंय, त्यामुळं उदाहरणं दोन्हीकडची येतील.

कानबान म्हणजे नक्की काय? हे फक्त सॉफ्टवेअरवाल्यांचं असतं का?

नाही, सॉफ्टवेअरवाल्यांनी ते कारखान्यातूनच उचललंय. जपानीत कानबान म्हणजे पाटी, दुकानावर असते तशी. टोयोटात ताईची ओनो म्हणून इंजिनिअर होते, त्यांना अमेरिकेतल्या सुपरमार्केटची पद्धत भावली होती, गिऱ्हाईक रॅकवरून जेवढं उचलतं तेवढंच मागून भरायचं, उगाच ढीग लावायचा नाही. हे त्यांनी १९५३ साली टोयोटाच्या मशिन शॉपमध्ये लावलं. पुढच्या माणसानं पार्ट उचलले की त्यांच्यासोबतचं कार्ड मागच्याकडं परत जाणार, आणि कार्ड हातात आलं तरच मागच्यानं नवीन पार्ट बनवायला घ्यायचे. थोडक्यात कार्ड ही काम सुरू करायची परवानगी. सॉफ्टवेअरमध्ये हे आणायचं मोठं श्रेय डेव्हिड अँडरसन यांना जातं, २००४ पासून त्यांनी टीमवर हे करून बघितलं आणि २०१० साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांच्या पहिल्या टीमची गोष्ट खाली सांगतो, ती आपल्या शेजारचीच आहे.

म्हणजे भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लावल्या की झालं कानबान?

नाही हो. सगळ्यात जास्त गैरसमज इथंच आहे. बोर्डावर कामाच्या टप्प्यांचे कॉलम काढायचे, एका कामाची एक चिठ्ठी, आणि काम पुढं सरकलं की चिठ्ठी पुढच्या कॉलममध्ये. चिठ्ठ्या लावल्या की काम दिसायला लागतं, ती पहिली पायरी. पण "एका वेळी या कॉलममध्ये इतकीच कामं" असा आकडा, म्हणजे लिमिट, वर लिहिला नाही आणि तो पाळला नाही तर ती नुसती कामांची यादी आहे, भिंतीवर लावलेली. टोयोटातलं कार्ड आठवा, कार्डं मोजकीच असतात म्हणून तर माल साचत नाही. आपल्याकडं चिठ्ठ्यांचं पॅड संपलं की माणूस दुसरं पॅड आणतो आणि म्हणतो आमच्याकडं कानबान चालू आहे.

आमच्याकडं स्क्रम चालू आहे, ते सोडायचं का?

सोडू नका. कानबानचा पहिला नियमच असा आहे की आज जे चालू आहे तिथूनच सुरुवात करायची, कुणाचं पद बदलायचं नाही, मीटिंगा बंद करायच्या नाहीत. स्क्रम ही टीमनं काम करायची दुसरी एक पद्धत, तिच्यात तुम्ही ठरावीक मुदतीचं स्प्रिंट, म्हणजे कामाचा एक टप्पा, घेता, जास्तीत जास्त एक महिन्याचं, आणि त्यात मावेल तेवढं काम उचलता. कानबानमध्ये स्प्रिंटची सक्ती नाही, जागा मोकळी झाली की पुढचं काम ओढायचं. दोन्ही एकत्र चालतात, दोन आठवड्यांचं स्प्रिंट ठेवा आणि बोर्डावर लिमिट लावा, बऱ्याच टीम असंच करतात. ज्यांचं काम सपोर्टचं आहे, म्हणजे सकाळी काय येईल ते रात्री माहीत नसतं, त्यांना मात्र स्प्रिंटचा फार उपयोग होत नाही असं माझं मत आहे. दुसऱ्याच दिवशी प्लॅन मोडतो आणि मग स्प्रिंट संपेपर्यंत सगळे मोडक्या प्लॅनकडं बघत बसतात.

पहिला बोर्ड कसा बनवायचा?

कागद घ्या आणि मागच्या आठवड्यात पूर्ण झालेलं एक काम निवडा. ते कुणाकडून आलं, मग कुणाच्या हातात गेलं, कुठं थांबलं, परत कुणाकडं गेलं, सगळं खरं खरं लिहा. तेच तुमचे कॉलम. इंटरनेटवरचा तयार नमुना उचलू नका, कारण त्यात तुमच्या थांबायच्या जागा नसतात.

भावाच्या युनिटमध्ये आम्ही हेच केलं. त्याला विचारलं तर तो म्हणाला सोप्पं आहे, कटिंग, शिलाई, काज-बटण, चेकिंग, प्रेस, पॅकिंग. मग आम्ही दोघं दिवसभर एका शाळेच्या ऑर्डरच्या गठ्ठ्यामागं फिरलो. कटिंग मास्तरांनी सकाळी अकराच्या आत गठ्ठा बांधून ठेवला होता आणि शिलाईवाल्यानं तो उचलला तिसऱ्या दिवशी. शिलाई झाल्यावर काज-बटणाच्या मशिनपाशी परत दीड दिवस. हात लागून काम झालं ते सगळं मिळून काही तासांचं, बाकी नुसतं पडून. म्हणून बोर्डावर "कटिंग झालं, शिलाईला थांबलंय" असे मधले कॉलम काढले, आणि खरी गंमत तिथंच कळली, कारण सगळ्यात जास्त चिठ्ठ्या त्या थांबलेल्या कॉलममध्येच होत्या. मास्तर बोर्डासमोर उभे राहून बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे मी फास्ट कापून फायदा काय वो, पुढं पडूनच राहतंय की."

सॉफ्टवेअरमध्ये पण तसंच. डेव्हलपमेंट, रिव्ह्यू (दुसऱ्यानं कोड तपासणं), टेस्टिंग, रिलीज एवढे कॉलम सगळे काढतात, "कोड झालाय पण रिव्ह्यूला कुणी घेतला नाही" हा कॉलम कुणी काढत नाही, आणि अर्धा उशीर तिथं लपलेला असतो.

लिमिट किती ठेवायची?

पहिल्या दिवशी अचूक आकडा शोधत बसू नका. आत्ता त्या कॉलममध्ये जेवढी कामं आहेत ती मोजा, त्यापेक्षा थोडी कमी लिमिट लावा आणि दोन-तीन आठवडे बघा. बऱ्याच टीम माणसं मोजून सुरुवात करतात, चार डेव्हलपर असतील तर डेव्हलपमेंटला चार किंवा पाच. मी तर चार माणसांना तीन पण ठेवून बघितलंय, मग दोघांना एका कामावर एकत्र बसावंच लागतं, आणि रिव्ह्यूची वेगळी वाट बघायची गरजच उरत नाही. लिमिट कधीच आडवी येत नसेल तर ती फार मोठी आहे असं समजा. रोजच आडवी येऊन सगळे अडकत असतील तर एकानं वाढवा, त्यात कमीपणा काही नाही.

लिमिट लावली की माणसं रिकामी बसतील, मग पगार कशाचा द्यायचा?

हा प्रश्न मला प्रत्येक मालकानं विचारलाय आणि तो रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आषाढीला पंढरपुरात दर्शनबारीला उभं राहिलेला माणूस हे गणित मनातल्या मनात करतच असतो. समजा गाभाऱ्यात मिनिटाला ३० जणांचं दर्शन होतंय आणि तुमच्या पुढं १८,००० माणसं आहेत, तर तुम्हाला ६०० मिनिटं, म्हणजे दहा तास. बारीत अजून माणसं घुसवली म्हणून गाभाऱ्यातला वेग वाढत नाही, फक्त मागच्याचे तास वाढतात. याला लिटलचा नियम म्हणतात, जॉन लिटल यांनी १९६१ साली तो गणितानं सिद्ध केला. आपल्या भाषेत: हातात असलेली कामं भागिले आठवड्याला पूर्ण होणारी कामं म्हणजे एका कामाला सरासरी लागणारे आठवडे. तुमची टीम आठवड्याला ३ कामं संपवते आणि हातात २४ आहेत, तर नवीन आलेल्या कामाला सरासरी ८ आठवडे लागणार. हातातली १२ वर आणा, वेग तोच राहिला तरी ४ आठवडे. कुणाला ओरडलं नाही, नवीन माणूस घेतला नाही, रात्री थांबवलं नाही. एवढंच ध्यानात ठेवा की हे सरासरीचं गणित आहे, कामं येण्याचा आणि जाण्याचा वेग साधारण सारखा असेल तेव्हाच ते बरोबर बसतं.

आता रिकामं बसण्याचं. लिमिट भरली म्हणून तुम्हाला नवीन काम घेता येत नाही, याचा अर्थ पुढं कुठंतरी अडकलंय. मग तिथं जाऊन मदत करायची. टेस्टिंगला हात लावा, रिव्ह्यू करा, डॉक्युमेंट लिहा. आणि खरंच एखाद्या दुपारी कुणी तासभर मोकळं राहिलं तर राहू द्या. सात रस्त्याला गाड्या एकमेकांना चिकटून उभ्या असतात तेव्हा रस्ता शंभर टक्के वापरात असतो, पण पुढं कुणीच सरकत नाही.

आमच्याच टीमचं सांगतो. सात माणसं आणि बोर्डावर "चालू आहे" मध्ये ३१ कामं. प्रत्येक जण दिवसभर कामातच, कुणी आळशी नाही, रोज रात्री नऊ-नऊ वाजायचे. आणि क्लायंटला महत्त्वाचं असलेलं एक काम पाच आठवडे "९० टक्के झालंय" वर अडकलेलं. पोरं थकली होती, एक चांगला मुलगा सोडून गेला, त्याचं मला आजही वाईट वाटतं. त्यानंतर आम्ही तीन आठवडे नवीन काहीच घेतलं नाही, फक्त चालू असलेलं संपवलं. त्या तीन आठवड्यांत मला वरून बराच दबाव आला पण कामं ३१ वरून ९ वर आली, आणि तेव्हापासून मी लिमिटच्या बाबतीत तडजोड करत नाही.

मालकाचा फोन येतो, "हे आधी करा." त्याचं काय करायचं?

अर्जंट कामाला बोर्डावर वरच्या बाजूला एक वेगळी आडवी पट्टी ठेवा आणि तिची लिमिट एक. फक्त एक. दुसरं अर्जंट आलं तर मालकांनीच ठरवायचं की पहिलं खाली ठेवायचं की दुसऱ्यानं थांबायचं, टीमनं ठरवायचं नाही. बाकी कामांचे पण प्रकार पाडा. काहींना तारीख असते, जीएसटीचा रिटर्न किंवा जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधीची युनिफॉर्मची ऑर्डर, ती तारखेच्या हिशोबानं वेळेत सुरू करायची, फार आधी पण नको. काही साधी असतात, रांगेनं घ्यायची. आणि काही अशी असतात की आज नाही केली तरी कुणी विचारत नाही, मशिनचं ऑइलिंग, जुना कोड साफ करणं, सर्व्हरचा बॅकअप तपासणं. त्यांच्यासाठी मुद्दाम एखादी जागा राखून ठेवा, नाहीतर ती कधीच होत नाहीत आणि मग एक दिवस तीच अर्जंटच्या पट्टीत येऊन बसतात.

क्लायंट तारीख मागतो. अंदाज न काढता तारीख कशी देणार?

आता ती शेजारची गोष्ट. अँडरसन यांनी ज्या टीमवर पहिल्यांदा हे करून बघितलं ती मायक्रोसॉफ्टच्या आतल्या सिस्टिम सांभाळणारी छोटी टीम होती, आणि ती बसायची हैदराबादला. आपल्याकडून एका रात्रीच्या बसचं अंतर. त्यांच्याकडं एका बदलाला साधारण पाच महिने लागायचे. बघितलं तर टीमच्या वेळेतला मोठा हिस्सा नुसते अंदाज काढण्यात जात होता, आणि अंदाज काढलेल्या कितीतरी गोष्टी पुढं कुणी करायलाच सांगत नव्हतं. त्यांनी तो अंदाजाचा भाग बंद केला, हातातल्या कामांवर मर्यादा घातली, जागा मोकळी झाली की संबंधितांनी मिळून पुढचं काम निवडायचं असं ठरवलं. पाच महिन्यांचा वेळ शेवटी १४ दिवसांवर आला.

तारीख द्यायची ती मागच्या कामांवरून. शेवटची ४० कामं काढा, प्रत्येकाला सुरू झाल्यापासून संपेपर्यंत किती दिवस लागले ते लिहा, लहानापासून मोठ्यापर्यंत लावा आणि ३४ वा आकडा बघा, ४० चे ८५ टक्के म्हणजे ३४. तो ११ असेल तर क्लायंटला सांगा, "आमची १०० पैकी ८५ कामं ११ दिवसांच्या आत होतात." सरासरी सांगू नका, सरासरी सांगितली की साधारण निम्म्या वेळा तुम्ही खोटे पडणार.

रोजच्या मीटिंगला पंधरा मिनिटांत संपवायचं कसं?

माणसांना विचारत बसू नका, कामाला विचारा. बोर्डाच्या उजव्या टोकाकडून सुरू करा, जे संपायला सगळ्यात जवळ आलंय ते आधी, हे आज पुढं जाण्यासाठी काय लागतंय, झालं, पुढचं. जी चिठ्ठी नीट चाललीय तिच्यावर बोलायचंच नाही. "काल मी हे केलं, आज मी ते करणार" असं प्रत्येकानं म्हणायला लागलं की ती हजेरी होते.

कुठले आकडे मोजायचे?

चार पुरेत. हातात किती, आठवड्याला संपली किती, एकाला लागले किती दिवस, आणि आत्ता चालू असलेलं प्रत्येक काम किती दिवसांचं जुनं झालंय. चौथा आकडा सगळ्यात कामाचा आणि सगळे तोच विसरतात. बाकीचे आकडे काम संपल्यावर कळतात, हा आधी कळतो. तुमची ८५ टक्के कामं ११ दिवसांत होतात आणि एखादं आजच ९ दिवसांचं झालंय तर आजच त्याच्याकडं बघायला पाहिजे.

माणसागणिक आकडे काढू नका. कृपा करून काढू नका. कुणी किती चिठ्ठ्या संपवल्या याची यादी लागली की दुसऱ्याला मदत करणं त्याच दिवशी बंद होतं, आणि चिठ्ठ्या लहान लहान व्हायला लागतात.

"अडकलं" असा वेगळा कॉलम ठेवायचा का?

नको. तिथं टाकलं की माणूस विसरतो आणि लिमिटमधून पण ते सुटतं. आहे त्याच जागेवर ठेवा, वर लाल खूण करा, कशामुळं आणि कधीपासून ते लिहा.

टेस्टरकडं ढीग साचतोय. अजून एक टेस्टर घ्यायचा का?

कदाचित, पण ते शेवटी. 'द गोल' पुस्तकाचे लेखक एलियाहू गोल्डरॅट यांचा विचार इथं उपयोगी पडतो, सगळ्या साखळीचा वेग तिच्यातली सगळ्यात मंद जागा ठरवते, म्हणून आधी त्या जागेचा एक मिनिट पण वाया जाणार नाही ते बघा. टेस्टरला मीटिंगा कमी करा, त्याच्याकडं अर्धवट बिल्ड पाठवू नका, मोबाईलवरचं साधं चेकिंग डेव्हलपरनीच करून द्यावं. मग बाकीच्यांचा वेग त्याच्या वेगाला जुळवा, म्हणजे पुन्हा लिमिट. हे सगळं करून पण ढीग राहिला तर माणूस घ्या. युनिटमध्ये आमचं काज-बटणाचं मशिन असंच होतं, दुसरं मशिन घ्यायची बोलणी चालू होती. बघितलं तर त्या मशिनवरचा कारागीर दिवसातून चार वेळा उठून गठ्ठे स्वतः आणायला जात होता. एका हेल्परला ते काम दिलं, सध्या तरी नवीन मशिन लागलेलं नाही.

टूल कुठलं वापरू?

सगळे एका खोलीत बसत असाल तर भिंत. अर्धे पुण्यात, अर्धे सोलापुरात असाल तर ट्रेलो, जिरा, अझ्युर डेव्हऑप्स यातलं जे कंपनीत आधीच आहे ते. टूलवर महिना घालवू नका. लिमिट मोडली की ते दाखवतं का आणि कामाचं वय दिसतं का, एवढं तपासा.

स्केल्ड अ‍ॅजाइल म्हणजे काय? सेफ, सेफ सगळे म्हणतात ते काय आहे?

अ‍ॅजाइल म्हणजे काम छोट्या छोट्या टप्प्यांत करायची, वाटेत बदल करत जायची रीत. तिचा जाहीरनामा २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा राज्यात १७ जणांनी मिळून लिहिला, आणि तो मुळात छोट्या टीमच्या अनुभवातून आला होता. पुढं बँका, विमा, गाड्यांच्या कंपन्या यांना प्रश्न पडला, आमच्याकडं एकाच प्रॉडक्टवर शंभर-दोनशे माणसं आहेत, आम्ही काय करायचं? त्याची वेगवेगळी उत्तरं म्हणजे स्केल्ड अ‍ॅजाइल. सेफ (स्केल्ड अ‍ॅजाइल फ्रेमवर्क) हे त्यातलं सगळ्यात जास्त ऐकू येणारं नाव, डीन लेफिंगवेल यांनी २०११ साली आणलं. त्यात एकूण ५० ते १२५ माणसं होतील एवढ्या टीम मिळून एक "ट्रेन" बनते, ती ८ ते १२ आठवड्यांच्या मुदतीनं धावते, या मुदतीला पीआय म्हणतात, आणि प्रत्येक मुदतीच्या सुरुवातीला सगळे मिळून प्लॅनिंग करतात. ट्रेन हे नाव बरोबर आहे, हुतात्मा एक्स्प्रेस एका प्रवाशासाठी थांबत नाही, तुमचं फीचर तयार नसेल तर ते पुढच्या गाडीनं. लेस (लार्ज-स्केल स्क्रम) म्हणून दुसरी पद्धत आहे, क्रेग लार्मन आणि बास व्होडे यांची, ती दोन ते आठ टीमसाठी आणि त्यात नवीन पदं शक्य तितकी कमी. नेक्सस ही स्क्रमच्या जनकांपैकी एक केन श्वेबर यांच्याकडची, साधारण तीन ते नऊ स्क्रम टीमसाठी.

आमच्याकडं एकूण १८ माणसं, तीन टीम. सेफ घ्यायचं का?

नको. ५० माणसं नसताना ट्रेन कशाला? तिन्ही टीमचा एक मोठा बोर्ड करा, त्यावर फक्त मोठी कामं, आठवड्यातून एकदा तिन्ही टीममधलं एकेक जण अर्धा तास त्याच्यासमोर उभं राहू दे. आणि त्याच्याही आधी एक प्रश्न विचारा, या टीमना एकमेकांची वाट का बघावी लागते? एक टीम फक्त डेटाबेस, एक फक्त स्क्रीन, एक फक्त टेस्टिंग अशी वाटणी असेल तर प्रत्येक कामाला तिघांकडून जावंच लागणार, आणि तुम्ही कितीही समन्वयाच्या मीटिंगा घ्या ते तसंच राहणार. वाटणी बदला, प्रत्येक टीममध्ये तिन्ही प्रकारची माणसं ठेवा, म्हणजे निम्म्या मीटिंगांची गरजच राहत नाही. याबाबतीत मला लेसवाल्यांचं म्हणणं जास्त पटतं.

पीआय प्लॅनिंगला दोन दिवस बसून करतात काय?

पहिल्या दिवशी धंद्याचं चित्र सांगतात, काय महत्त्वाचं आहे ते, मग प्रत्येक टीम आपली पुढची स्प्रिंटं भरते आणि कोण कुणावर अवलंबून आहे ते एका मोठ्या बोर्डावर दोऱ्यांनी जोडते. दुसऱ्या दिवशी प्लॅन दुरुस्त करून जोखमी एकेक करून हाताळतात, सुटली, कुणी घेतली, मान्य केली की सौम्य केली. शेवटी सगळे हाताची बोटं वर करून सांगतात या प्लॅनवर किती विश्वास आहे, पाच म्हणजे पूर्ण, एक-दोन असेल तर का ते विचारतात.

याचा खरा फायदा त्या दोऱ्यांत आहे. एका टीमकडं सगळ्या दोऱ्या जाताना दिसल्या की सांगायची गरज पडत नाही.

घरून जोडणाऱ्यांसाठी एक अनुभव. एका प्लॅनिंगला आम्ही तिघं सोलापुरातून ऑनलाइन होतो आणि बाकी सगळे हॉलमध्ये. महत्त्वाचं चहाच्या ब्रेकमध्ये ठरलं, भिंतीवर चिठ्ठी लागली, आम्हाला दोन आठवड्यांनी कळलं की एक काम आमच्या नावावर आहे. तेव्हापासून मी आधीच सांगतो, एक जण जरी ऑनलाइन असेल तर बोर्ड ऑनलाइनच, हॉलमधल्यांनी पण लॅपटॉप उघडायचे.

डब्ल्यूएसजेएफ काय भानगड आहे?

वेटेड शॉर्टेस्ट जॉब फर्स्ट, कुठलं काम आधी घ्यायचं ते ठरवायची सेफमधली रीत. तीन गोष्टींना तुलनेनं आकडे द्या, गिऱ्हाईकाला किंमत किती, वेळेची घाई किती, आणि पुढची जोखीम किती कमी होते किंवा नवी संधी किती उघडते. तिन्हीची बेरीज म्हणजे उशिराची किंमत. तिला कामाच्या आकारानं भागा. समजा नवीन बिलिंग स्क्रीनला ८, १३ आणि ३, बेरीज २४, आकार ८, उत्तर ३. आणि रिपोर्ट डाउनलोडला ५, २ आणि १, बेरीज ८, आकार २, उत्तर ४. रिपोर्ट आधी. लोकांना हे उलटं वाटतं, पण छोटं काम पटकन वाटेतून बाजूला होतं आणि मोठ्याला फारसा उशीर होत नाही. आकड्यांवर भांडत बसू नका मात्र, ८ की १३ यावर अर्धा तास गेला तर हेतूच गेला.

सेफमध्ये कानबान कुठं बसतं?

सगळ्या थरांवर. टीमला हवं तर स्क्रमऐवजी कानबाननं चालता येतं. वर पोर्टफोलिओला, म्हणजे कंपनीच्या सगळ्या मोठ्या प्रोजेक्टांच्या थराला, पण कानबान बोर्ड असतो, मोठमोठ्या कल्पना तिथं तपासून, अभ्यास करून, मग अंमलात येतात, आणि त्याच्या कॉलमला लिमिट असते. कागदावर असते. प्रत्यक्षात मी बघितलंय की खालच्या टीमला लिमिट पाळायला लावतात आणि वर मात्र एका वेळी १५ मोठे प्रोजेक्ट सुरू. मग खालच्यांची लिमिट टिकणार कशी? एकाच माणसाला तीन प्रोजेक्टवर वाटलेलं असतं. मला एकाच ठिकाणी लिमिट लावायची परवानगी असेल तर मी सगळ्यात वर लावीन.

सर्टिफिकेट काढू का? नोकरीला उपयोग होतो का?

बीसीए-एमसीएच्या मुलांना माझं सांगणं, आधी तीन महिने कुठल्यातरी खऱ्या कामावर बोर्ड चालवा. कॉलेजचा प्रोजेक्ट चालेल, काकांचं दुकान चालेल, गणेश मंडळाची तयारी तर फारच चांगली, कारण तिथं तारीख हलत नाही आणि माणसं पगारी नसतात. आकडे लिहून ठेवा, फोटो काढा. इंटरव्ह्यूला "आमची लिमिट चार होती ती तीन का केली" हे सांगता आलं की समोरचा माणूस सरळ बसतो. सर्टिफिकेटचा खर्च कंपनी देत असेल तर जरूर काढा. मोठ्या कंपन्यांत अर्ज गाळताना ते बघतात, हे पण खरंय.

मला पटलंय पण माझे सर ऐकत नाहीत.

मग त्यांना कानबान हा शब्दच सांगू नका. स्वतःच्या कामांची यादी करा, प्रत्येक कधी सुरू झालं ते लिहा आणि एक दिवस शांतपणे दाखवा, "सर, माझ्याकडं ही नऊ चालू आहेत, यातली कुठली तीन आधी संपवू?" बहुतेक वेळा त्यांनाच माहीत नसतं की नऊ आहेत, कारण नऊ वेळा वेगवेगळ्या दिवशी सांगितलेलं असतं. त्यांनी तीन निवडली की तुमची लिमिट लागली.

किती दिवसांत फरक दिसतो?

थांबलेली कामं बोर्डावर पहिल्याच दिवशी दिसतात. लिमिटचा त्रास पहिल्या दोन आठवड्यांत होतो, सगळ्यांना अडवल्यासारखं वाटतं, मालक पण चिडतात, आणि बरेच जण तिथंच सोडतात. आमच्याकडं दीड-दोन महिन्यांनी फरक आकड्यांत दिसला. युनिटमध्ये लवकर दिसला कारण तिथं गठ्ठे डोळ्यांसमोर असतात, कॉम्प्युटरमधलं काम डोळ्यांना दिसत नाही.

एकट्या माणसाला चालतं का हे?

चालतं. माझी बायको घरून शेंगा चटणी आणि कडक भाकरीच्या ऑर्डरी घेते, तिच्या फ्रिजवर तीन कॉलम आहेत, आलेल्या, चालू, पाठवल्या. चालूमध्ये दोनच मॅग्नेट आहेत, तिसरा तिनं आणलेलाच नाही.